खिडकी क्रमांक पाच

खिडकी १. स्वयंपाकघर. सरकती, जाळीसकट.

"जरा हे टोक धरता का?"

त्याचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. मी फक्त दार उघडायला आले होते. खिडक्यांचं माप घ्यायला माणूस येणार हे आईला माहीत, मला नाही. केस ओले, हातात टूथब्रश... आणि त्याचा जोडीदार नेमका त्या दिवशी सुट्टीवर. टेपचं दुसरं टोक माझ्या हातात आलं.

"मी म्हणेपर्यंत सोडू नका. पट्टी सटकन येते, बोट कापतं."

सोडलं नाही. श्वाससुद्धा.

"रुंदी चाळीस. उंची छत्तीस." त्याने कागदावर लिहिलं. "आमच्यात रुंदी आधी, उंची नंतर. उलटं लिहिलं की खिडकी वाया."

"तुमची कधी गेलीय वाया?"

"बारा वर्षांत एकही नाही."

आई त्याला 'दादा' म्हणते. बाबा 'टेपवाले' म्हणतात. मी काहीच म्हणत नाही. दादा तर मुळीच नाही.

खिडकी २, ३, ४. सरकती, सरकती, सरकती.

पंधरा मिनिटं.

खिडकी ५. माझी खोली. प्रकार —

"कशी हवी?"

"कशा असतात?"

त्याने दोन्ही तळवे एकमेकांवरून सरकवले. "ही सरकती. जागा खात नाही, आवाज करत नाही. फक्त कायम अर्धीच उघडते." मग तळवे बाहेर उघडले, दोन झडपांसारखे. "ही अशी. पूर्ण उघडते. पण वाऱ्यात आपटते. कडी लावायची आठवण ठेवावी लागते."

माझ्या डोक्यात तेवढ्यात काच फुटलीसुद्धा. माझं हे असंच. काहीही घरात यायच्या आधी मला त्याचे तुकडे दिसतात.

"विचार करून सांगते."

"करा. मी परवा येतो."

म्हणजे... ठरवलं नाही, तर तो येतो?

खिडकी ५. प्रकार —

परवा तो झडपेचा एक छोटा नमुना घेऊन आला. मी उघडला, मिटला. उघडला, मिटला.

"अकरा," तो म्हणाला.

"काय अकरा?"

"वेळा. बिजागरी झिजेल."

"तुम्हाला घाई आहे का?"

"मला? नाही." नमुना पुन्हा माझ्याकडे सरकवून — "मला अजिबात नाही."

खिडकी ५. प्रकार —

तिसरी खेप. "निदान माप तरी घेऊन ठेवू," तो म्हणाला. मी टोक धरलं. तेवढ्यात आई आतून ओरडली, "अगं, खिडकी निवडतेयस की नवरा?"

माझे कान तापले. त्याने माझ्याकडे बघितलं, मग घाईघाईने कागदाकडे, आणि काहीतरी लिहिलं.

"ही ठरली की कागद कारखान्यात जातो," तो हळूच म्हणाला. "बसवायला दुसरी माणसं येतात."

"आणि तुम्ही?"

"माझं काम मापापुरतं."

(हे कागदावर नाही.)

पाचही खिडक्यांची ऑर्डर एकदमच जाणार. जुन्या आधीच काढलेल्या, तोवर भिंतीतल्या भोकांवर प्लास्टिक. ते फडफडतं, कडेने धूळ आत येते, बाबा खोकतात. मी माझ्या खोलीत बसून ढास मोजते. ही माझ्यामुळे. हीसुद्धा माझ्यामुळे. एका माणसाने परवा पुन्हा यावं म्हणून मी बापाला धूळ खाऊ घालतेय!

फोन केला.

"सरकती."

"नक्की?"

"हो... आपटत नाही ना ती."

"नाही आपटत." पलीकडे कागदावर पेन खरखरलं. "बरं."

भित्री. भित्री. भित्री.

खिडकी ५. सरकती. शेरा: बसत नाही.

चार खिडक्या दुपारपर्यंत चपखल बसल्या. बाबांनी एकही ढास न लागता अख्खा कप चहा संपवला. पाचवी मात्र बसवायला आलेल्या दोघांनी उचलली, फिरवली, खाली ठेवली. भिंतीतली जागा आडवी आणि चौकट उभी! अठ्ठेचाळीस रुंद, साठ उंच.

"त्याचं माप चुकलं? शक्यच नाही," एक जण म्हणाला.

दुसऱ्याने माझ्याकडे बघितलं. "टोक कोणी धरलं होतं?"

बारा वर्षांत एकही नाही, आणि आता ही. माझ्यामुळे. त्याला बोल लागले असतील. कामावरून काढलं असेल. तो येईल, चौकट उचलेल आणि माझ्याकडे बघणारही नाही...

तो संध्याकाळी आला. बघितलं नाही.

"तुमचे मालक काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, लक्ष कुठं होतं?"

"मग... काय सांगितलंत?"

"त्यांना काही नाही सांगितलं."

प्लास्टिक फडफडलं. एकदा. दोनदा.

"चार खिडक्या भिंतीकडे बघून लिहिल्या," तो हातातल्या टेपशीच बोलत होता. "पाचवीच्या वेळी..."

"पाचवीच्या वेळी?"

"भिंत दिसलीच नाही."

मी म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही आता परत येणारच नाही."

"मलाही तेच वाटलं. तुम्ही सरकती म्हणालात तेव्हा." आता कुठे त्याने वर बघितलं. "नवीन करावी लागेल. तुम्हाला परत ठरवावी लागेल."

"झडपांची."

"आपटेल."

"आपटू दे. कडीची आठवण तुम्ही करून द्या."

"रोज?"

"वारा रोज असतो."

"दादा, चहा ठेवू का?" आतून आई.

"आई," मी ओरडले, "त्यांना दादा म्हणू नकोस!"

आत भांडं पडलं. मग बाबांचं हसू. मग एक ढास, पण हसण्याची.

खिडकी ५. दोन झडपा. पूर्ण उघडणारी.

मी टोक धरलं. "रुंदी साठ," मीच मोठ्याने वाचली. त्याने भिंतीकडे बघून लिहिली. "उंची अठ्ठेचाळीस." लिहिली. मी कागद हातात घेऊन तपासला. बरोबर.

माप झालं. लिहून झालं. चहा निवला.

'सोडा' असं तो अजून म्हणालेला नाही.