विहिरीकडं जाताना टकटक थांबायची

ही गोष्ट घडलेली आहे. भीमाशंकर माझा चुलतभाऊ. बरंचसं त्याच्या तोंडून ऐकलं. शेवटचं मात्र मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

लातूर जिल्हा नवा झाला, त्यानंतरचा दुष्काळ. निलंग्याबाहेर एक विहीर होती. टँकर तिच्यात पाणी ओतायचा आणि बाया काठावरून बादल्या सोडायच्या. त्या रेटारेटीत भीमाशंकरची बायको नीलम्मा आत पडली.

तिला वर काढलं तेव्हा ती गेलेली होती. तिची सायकल काठावर उभी होती.

सायकल विलायती, पोलादी, शर्यतीची. भीमाशंकरच्या वडिलांनी हैदराबादला एका इंग्रज इंजिनिअरकडून घेतलेली. कोरड्या तळ्यात भीमाशंकरनं बायकोला ती शिकवली. वाण्याची सून लुगडं खोचून सायकल चालवते म्हणून बाजार हसला. ती हसणाऱ्यांच्या अंगावरच सायकल घालायची.

ती गेल्यावर एका संध्याकाळी तो सायकल हातात धरून विहिरीकडे निघाला.

रिकामी सायकल ढकलली की मागचं चाक टकटक करतं. पायडल मारलं की आवाज बंद. हे कुणालाही ठाऊक आहे.

वेशीपर्यंत टकटक होती.

मग... थांबली.

त्यानं खाली पाहिलं. पायडलं फिरत होती. वर कुणी नव्हतं.

तो घाबरला नाही. रडला.

विहिरीच्या काठाशी टकटक परत सुरू झाली. घरापर्यंत तशीच आली.

रोज तेच. जाताना नीलम्मा सायकलवर असायची. येताना नसायची.

काठावर बसून तो विनवायचा, "नीले, घरी चल की."



त्याची विधवा बहीण दानम्मा एक दिवस चिडली. "अण्णा, गल्ली हसायलीय. आपल्यात माणूस लिंगैक्य होतं, शिवात मिळून जातं. मागं न्हाई राहात."

"ही राहिली."

"राहिली न्हाई. तुम्ही धरून ठेवलाव."

त्याच सुमारास माधवराव भीमाशंकरच्या किराणा दुकानात आले. नव्या जिल्ह्याच्या कचेरीत बदली होऊन आलेले, तरुणपणी पुण्यात सायकलच्या शर्यती केलेले. तूर डाळ घ्यायची सोडून ते सायकलपाशीच बसले. उलटी करून पायडलाखालचा नंबर शोधला. नखानं रंग खरवडला.

"अस्सल इंग्लंडची. सांध्यावरची ही नक्षी बघा, हातानं कानस मारलेली आहे. आणि हे चाक पाहिलंत? दोन्हीकडं दाते, पण त्या बाजूचे चाकाला पक्के जखडलेले. उलटं बसवलं की पायडल थांबतच नाही. चाक फिरतंय तोवर पाय फिरणार."

"मधीच उतरावं वाटलं तर?"

"उतरून बघा. तोंडावर पडाल," माधवराव हसले.

भीमाशंकर हसला नाही. त्यानं त्याच दुपारी पाना घेतला आणि चाक उलटं बसवलं.

संध्याकाळी निघाला. आता टकटक नव्हतीच. पायडलं आपोआप फिरत होती. ती आहे की नाही, कळायला मार्ग नव्हता.

वेशीपाशी चामड्याची सीट करकरली.

तो विहिरीशी थांबला नाही. धावतच सायकल वळवली.

सायकल जड झाली... खूप जड. तरी त्यानं हँडल सोडलं नाही. ओढत, घामाघूम होत, घरात आणून खुंट्यांना टांगली.

"आणली," तो दानम्माला म्हणाला.

मागचं चाक फिरत होतं. दोघं ते थांबायची वाट पाहत उभे राहिले.

दिवेलागण झाली.

चाक थांबलं नाही.

दानम्मानं पायडल धरायला हात घातला. पायडलानं तिचा हात झिडकारला. मग तिनं कान दिला. "अण्णा... धापा कोण टाकायलंय?"

सीटच्या वर, रिकाम्या जागेत, कुणीतरी दमलेलं श्वास घेत होतं.

"चाक काढा. उतरू द्या तिला."

भीमाशंकरनं पाना उचलला. त्यानं तो खाली ठेवला.

"काढलं तर विहिरीकडंच जाईल ती."

पुढे पाऊस आला, विहीर भरली. दानम्मा माहेरचं घर सोडून उदगीरला दिराकडे राहायला गेली.

परवा मी निलंग्याला गेलो होतो. भीमाशंकर खंगलाय. चहा पिताना आतल्या बंद खोलीतून साखळीचा आवाज येत होता. सारखा. आणि त्यामागे आणखी एक आवाज. मी विचारलं नाही, त्यानंच सांगितलं.

"दर सोमवारी साखळीला तेल घालतो. तेवढंच तिला हलकं जातं."