एका घराच्या दोन पाळ्या

काचेच्या कोशात झोपलेला माणूस श्वास घेत नाही, असं वैजयंताबाई मकोटे यांनी दोनदा बजावून सांगितलं.

“घेतोय, आक्का,” डॉ. यास्मिन मुजावर म्हणाल्या. “मिनिटाला एक. जरा थांबा, दिसेल.”

आक्का थांबल्या. त्या माणसाची छाती सावकाश वर आली आणि तितक्याच सावकाश खाली गेली.

“घेतला बाई. आमच्यावर उपकार केल्यासारखा घेतला.”

कोल्हापुरातल्या त्या प्रयोगशाळेत इतका गारवा होता, की आक्कांनी पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटून घेतला होता. बाहेर एप्रिलची दुपार होती आणि पारा सत्तेचाळीसवर. प्रयोगशाळा दक्षिण समुद्रातल्या इस्केरा नावाच्या बेटांच्या सरकारची. भिंतीवर त्या बेटांचा नकाशा होता आणि त्याखाली ठळक मराठीत लिहिलं होतं : ‘कर शेकडा चार. निम्म्या खर्चात पूर्ण आयुष्य.’ आक्का तिसरीपर्यंत शिकलेल्या. ती ओळ त्यांनी अक्षराला अक्षर लावून वाचली आणि तेव्हापासून त्यांचं डोकं उठलं होतं. स्वस्त वस्तूतली खोट कुठं आहे ते सापडल्याशिवाय त्यांनी आजवर एकही वस्तू घरात आणली नव्हती. हा तर देश होता.

नवरा गेला तेव्हा इचलकरंजीत त्यांच्याकडे चार जुने माग होते. आज साठ होते, सगळे स्वयंचलित. पण वर्षातले तीन महिने उन्हामुळं शेड बंद ठेवावी लागे, पाणी टँकरनं यायचं आणि जे काही उरायचं त्याला कर लागायचा. सगळं विकून अख्ख्या घरानं इस्केराला जायचं, असं दोन्ही मुलांनी ठरवलं होतं. आक्कांना नेमकं तेच पचत नव्हतं. थोरला संग्राम आणि धाकटा निनाद यांचं सहा वर्षांत एकाही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. शेडला आग लागली, ती कुणाच्या हयगयीनं, यावरून त्यांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. दोघं एकाच पंगतीला बसत. “आक्का, त्याला सांग, गाडी मला लागणार आहे,” असं एक म्हणे. “आक्का, त्याला सांग, मी आधीच सांगून ठेवलंय,” असं दुसरा म्हणे. भाऊबंदांनी वाटणीचा विषय काढला, की आक्कांचं उत्तर ठरलेलं होतं. “मी आहे तोवर या घरात दुसरी चूल पेटायची नाही. अकरा माणसं एका चुलीवर जेवतात माझी. तुमच्याकडं चौघं जेवतात, तीही चार वेळांना.”

आता ते दोघं बाहेरच्या दालनात दोन टोकांच्या खुर्च्यांवर बसले होते. कारखाना आक्कांच्या नावावर होता. कुटुंबप्रमुखाच्या सहीशिवाय अर्ज पुढं जात नव्हता आणि यंदाची यादी आज पाच वाजता बंद होणार होती. आत्ता चार वाजले होते.

“हे बघ पोरी,” आक्का स्टुलावर बसल्या. “तू मिरजेची, मी इचलकरंजीची. त्या कागदावरची भाषा नको. एवढं स्वस्त कसं, ते सांग.”

“तुमच्याकडं एका मागाला माणसं किती?”

“दोन. एक दिवसपाळीला, एक रातपाळीला. माग तोच.”

“इस्केरात अख्खा देश तसा चालतो.” यास्मिननं कोशावर हात ठेवला. “बर्फाच्या मुलखातल्या खारी हिवाळाभर झोपतात. त्यांच्या मेंदूत एक कळ असते. ती दाबली गेली, की शरीर गार पडतं आणि सगळे व्यवहार मंदावतात. तशी कळ माणसातही आहे, फक्त लाखो वर्षं वापरात नव्हती. आम्ही ती औषधानं दाबतो. याला शीतनिद्रा म्हणतात. शरीराचा खर्च पन्नासाव्या हिश्शावर येतो. सहा महिने झोपलेलं माणूस जेमतेम चार दिवसांनी म्हातारं होतं.”

“आणि हातपाय? लाकडं होत नाहीत?”

“स्नायूंना विजेचे बारीक झटके देत राहतो. उठल्यावर चार दिवसांत माणूस चालायला लागतं. देशातले निम्मे लोक उन्हाळपाळीत जागतात, निम्मे हिवाळपाळीत. त्याला अर्धवास म्हणतात. एका घरात दोन बिऱ्हाडं, एका शाळेत दोन शाळा. रस्ते, दवाखाने, वीज, पाणी, सगळं निम्म्याच माणसांपुरतं उभारायचं. सरकारचा खर्च निम्मा झाला, की कर कशाला घ्यायचा?”

आक्कांनी मनात हिशेब घातला. तो बरोबर आला, याचाच त्यांना राग आला.

“कुणाचं लग्न निघालं, कुणी गेलं, तर मध्ये उठवायचं कसं?”

“नाही उठवता येत. ती कळ वर्षातून एकदाच फिरवता येते. दुसऱ्यांदा फिरवली, तर हृदय बंद पडतं.”

“म्हणजे एका पाळीतलं माणूस दुसऱ्या पाळीतल्याला कधी भेटायचं?”

“नाही भेटत.” यास्मिन थांबल्या. “बेटावर अन्नपाणी निम्म्यांनाच पुरतं. त्यामुळं एक पाळी कोशात गेल्यावरच दुसरी उठते. काचेतून बघता येतं.”

आक्कांनी काचेतल्या माणसाकडं पुन्हा एकदा बघितलं. त्यांच्या हाताखालून तीस वर्षांत शेकडो कामगार गेले होते आणि पाळी बदलतानाची ती दहा मिनिटं त्यांच्याइतकी कुणीच डोळ्यांत तेल घालून पाहिली नव्हती.

“पाळी सुटताना माणूस काय करतो ठाऊक आहे तुला? मागावर सुताची तार तुटली, तर तशीच सोडतो. तेल घालत नाही. पुढचा येईल, तो बघेल, म्हणतो. तिथं निदान पुढचा येऊन शिव्या तरी घालतो. तुमच्यात पुढचा झोपलेला. जे जागे आहेत त्यांनी ठरवलं, की चांगल्या हवेत आणखी दोन महिने जागू, तर त्यांना आडवं कोण येणार? झोपलेल्याला कळणार उठल्यावर. तेव्हा कळून काय कपाळ फोडायचंय?”

यास्मिननं हातातला टॅब बाजूला ठेवला.

“या खोलीत हा प्रश्न आजवर दोघांनीच विचारला, आक्का. एक वकील होते, एक तुम्ही.”

“वकिलाच्या पंगतीला बसवू नकोस मला. उत्तर दे.”

“तसं झालं होतं. सुरुवातीला सगळी घरं एकेका पाळीतच राहत होती. चौथ्या वर्षी उन्हाळपाळीनं मतदान घेतलं आणि स्वतःला सात महिने दिले. पाचव्या वर्षी आठ. हिवाळपाळीतले लोक उठले, तेव्हा कोठारं रिकामी होती.”

“मग?” आक्का पुढं झुकल्या. त्यांचा चेहरा आता खुलला होता. “नाही, थांब. मीच सांगते काय करायचं ते. माझ्या कारखान्यात मी एका मागाला दोन्ही पाळ्यांत एकाच घरची माणसं लावते. बाप दिवसा, पोरगा रात्री. तीस वर्षांत एका बापानं पोरासाठी तुटकी तार सोडली नाही. सांग तुझ्या त्या सरकारला. म्हणावं, इचलकरंजीच्या बाईनं फुकट अक्कल दिली.”

यास्मिन हसल्या नाहीत.

“तोच कायदा आहे, आक्का. कलम नववं. कुठलंही घर सबंध एका पाळीत राहू शकत नाही. प्रत्येक घराचे दोन भाग होतात. जागे असलेले लोक झोपलेल्यांना फसवत नाहीत, कारण त्या झोपलेल्यांत त्यांचंच कुणीतरी असतं. त्यानंतर एक दिवसही कुणी चोरला नाही. आम्हाला पोलीससुद्धा फार लागत नाहीत.”

आक्कांच्या चेहऱ्यावरचा खुललेला भाव तिथंच थिजला.

“ओलीस,” त्या म्हणाल्या.

“कागदावर ‘कुलसाक्ष’ म्हणतात.”

“तुझं कोण आहे दुसऱ्या पाळीत?”

“नवरा आणि मुलगा. नऊ वर्षं झाली. मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता.” यास्मिन कोशाच्या काचेवरचा नसलेला डाग पुसत राहिल्या. “परवा बेटावरून निघताना बघून आले. त्याला मोठा कोश दिलाय आता. आवाज कसा आहे ते माहीत नाही. चिठ्ठ्या लिहून ठेवतो फ्रिजवर. अक्षर नवऱ्यावर गेलंय, वाईट.”

“आणि तू हे मला विकतेस?”

“मी विकत नाही. तुम्ही विचारलंत, म्हणून सांगितलं.”

आक्का ताडकन उठल्या आणि दार उघडून ओरडल्या, “या रे दोघं आत! बघा, तुमच्या डोळ्यांना दिसत नव्हतं ते म्हातारीनं शोधून काढलं.”

संग्राम आला, मागून चार पावलं अंतर ठेवून निनाद आला. आक्कांनी सगळं एका दमात सांगितलं. घराचे दोन भाग होणार, एक भाऊ जागा असताना दुसरा झोपलेला असणार, दोघांची जन्मात गाठ पडणार नाही. “कर वाचवायला निघालात आणि घर घालवून बसला असता. आक्का नसती तर पिशवीत घालून नेलं असतं तुम्हाला.”

 संग्राम नकाशाकडं बघत होता, निनाद जमिनीकडं.

“आक्का,” यास्मिन हळूच म्हणाल्या, “त्यांना माहीत आहे. कुणी कधी जागायचं, ते जागरपत्रक त्यांनी फेब्रुवारीतच भरलंय.”

भिंतीवरच्या पडद्यावर दोन पत्रकं उमटली. एकावर संग्राम, त्याची बायको आणि तीन मुलं : उन्हाळपाळी. दुसऱ्यावर निनाद, त्याची बायको, दोन मुली आणि मुलगा : हिवाळपाळी. घर मात्र एकच. पत्ता तोच, स्वयंपाकघर तेच.

आक्कांनी दोन्ही पत्रकं दोनदा वाचली. मग थोरल्याकडं बघितलं, मग धाकट्याकडं. ज्या एकाच गोष्टीवर दोघांचं एकमत झालं होतं, ती काय होती ते आता त्यांना समजलं. कर नव्हता, ऊन नव्हतं. एका घरात राहूनही एकमेकांचं तोंड बघावं लागू नये, अशी सोय जगात एकाच देशात होती.

“तूच म्हणायचीस ना, दुसरी चूल नको,” निनाद पुटपुटला. “तिथं चूल एकच राहते, आक्का.”

“वा! माझाच शब्द पाळला की. आणि मी? दहा नावं झाली. अकरावं कुठं आहे?”

 यास्मिननं पडदा पुढं सरकवला. संग्रामच्या पत्रकात तळाशी लिहिलं होतं : आई, हिवाळपाळी. निनादच्या पत्रकात : आई, उन्हाळपाळी.

थोरल्यानं आईला धाकट्याच्या पाळीत घातलं होतं, धाकट्यानं थोरल्याच्या.

“म्हणूनच तुम्हाला समक्ष बोलावलं,” यास्मिन म्हणाल्या. “नाहीतर सही घरबसल्या घेतली असती. यंत्रानं तात्पुरती नोंद केली आणि ती मला पास करवेना.”

“काय नोंद केली?”

“कुणाला उठवायचं की नाही याबद्दल शंका असेल, तर यंत्र उठवत नाही. चुकून दुसऱ्यांदा उठवलं गेलं, तर माणूस दगावतं, म्हणून नियम तसा आहे. उन्हाळ्यात संग्रामच्या पत्रकाप्रमाणे तुम्ही झोपलेल्या. हिवाळ्यात निनादच्या पत्रकाप्रमाणे तुम्ही झोपलेल्या.” त्यांनी पडद्यावरची शेवटची ओळ दाखवली. आक्कांनी ती अक्षर लावत वाचली. वैजयंता मकोटे. जागृत दिवस : शून्य.

आक्कांनी त्या शून्यावर बोट ठेवलं.

“झोपलेल्याला कर लागतो का गं?”

“नाही.”

“मग तुमच्या देशात सगळ्यात स्वस्तात मीच राहणार होते की.” आक्का हसल्या. “यंत्र हुशार आहे हो. दोन पोरांच्या मनातलं एका ओळीत लिहिलं.”

“आक्का, तसं नव्हतं,” संग्राम म्हणाला. “मला वाटलं, निनादची पोरं लहान आहेत, त्यांना तू...” तो थांबला आणि गर्रकन वळला. “आणि तू रे? आईला माझ्याकडं ढकललंस?”

सहा वर्षांत तो पहिल्यांदाच भावाशी सरळ बोलला होता. ते खुद्द त्याच्याही लक्षात आलं नाही.

“ढकललं? तू काय केलंस मग?”

“मी थोरला आहे! सगळं मीच ओढतोय. तिथंही तिची बोलणी मीच खायची का?”

“तू खातोस? तू शेडमध्ये जाऊन बसतोस. दिवसभर कोण असतं तिच्यासमोर?”

“शेडचं नाव काढू नकोस. त्या दिवशी मुख्य बटण कुणी चालू ठेवलं?”

“मी बंद करून गेलो होतो! शंभर वेळा सांगितलं असतं, तू ऐकून घेतलं असतंस तर! तू दवाखान्यातसुद्धा माझ्याकडं बघितलं नाहीस.”

“तुझा हात भाजला होता, मला बघवत नव्हतं, गाढवा!”

आवाज ऐकून पहारेकरी दारात आला. आक्कांनी त्याला तळहातानंच परत पाठवलं. दोघं भाऊ आता छातीला छाती लावून उभे होते, दोघांच्या मानेची शीर सारख्याच जागी फुगली होती, आणि एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू होत होतं.

यास्मिन भिंतीला टेकून ऐकत होत्या. मध्येच त्यांनी डोळे मिटून घेतले.

“आक्का,” काही वेळानं त्या म्हणाल्या, “चार वाजून चोपन्न मिनिटं झाली. पत्रक दुरुस्त करून सही करायची असेल तर आत्ताच. यंदाची यादी गेली, की पुढच्या वर्षी कर किती असेल ते मी सांगू शकत नाही.”

त्यांनी पुढं केलेली लेखणी आक्कांनी घेतली, तिचं टोपण नीट लावलं आणि ती मेजावर परत ठेवली.

“आधी यांचं होऊ दे.”

“किती वेळ चालेल?”

“सहा वर्षांचं तुंबलंय, पाचच्या आत थोडंच उरकणार?” आक्कांनी पायानं दुसरं स्टूल पुढं ओढलं. “बस तू पण. तुझ्या घरी कुणी भांडत नाही, निदान आमचं तरी ऐक.”