सासूने दार लावलं तेव्हा

घरातल्याच दवाखान्याच्या दाराला सासूने आतून कडी घातली आणि ओसरीवरच्या गर्दीत एकच हलकल्लोळ उडाला!

“म्हातारे, उघड! जीव चाललाय माझा!”

“जीव चाललेल्याला एवढा आवाज फुटत नाही! खोकला झालाय तुला. बस तिथंच!”

आत तिची डॉक्टर सून, सात महिन्यांची पोटुशी, पेशंट तपासता तपासताच भिंत धरून खाली बसली होती. डोळ्यांपुढे अंधारी, ओठ पांढरेफटक... तरी बोलणं मात्र धारदार!

“आई, कडी काढा! लोक शिव्या देतील मला.”

“मला देतील. मला सवय आहे.”

माळावर इमारतींवर इमारती उठल्या, माणसांचे लोंढे आले, दुकानं आली, केस कापणारे चार आले. डॉक्टर मात्र ही एकटीच! माणसं आणून ओतणाऱ्यांना एवढंही सुचलं नाही, की माणूस आजारीही पडतो? पोरीला काय दहा हात होते?

तेवढ्यात घरातून धावत आलेला तिचा मुलगा आईवर उसळला.

“तुझ्यामुळेच ही वेळ आली! ती दुसरी डॉक्टरीण राहायला जागा शोधत आली होती. तूच तिला फाटकातून वाटेला लावलीस!”

सुनेने तोंड फिरवलं. “नकोच होती यांना परकी बाई घरात.”

माउलीच्या काळजाला घरं पडली... पण कैफियत देणं तिच्या रक्तात नव्हतं! पदराने सुनेला वारा घालू लागली.

इतक्यात मागच्या दाराने एक तरुण बाई बॅग घेऊन आत आली.

“आजी, आले हो. तुम्ही म्हणालात ना, चार दिवस द्या, माझी खोली रिकामी करते म्हणून?”

मुलाची मान खाली गेली. ज्या खोलीत त्याच्या बापाने शेवटचा श्वास घेतला, जिथली खुर्चीसुद्धा तिने कुणाला हलवू दिली नव्हती, ती खोली! आणि तिची वळकटी आता स्वयंपाकघरात, पिंपाशेजारी...

“आई... बोलला का नाहीत हो?” सून हुंदके देऊ लागली.

“तू विचारलंस कधी? बरी आलीस रडायला! पड इथं.” तिने सुनेचं डोकं मांडीवर ओढून घेतलं.

नव्या डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं. लोक आत घुसले.

“ही बाई देवमाणूस दिसते,” कुणीतरी म्हणालं, “नाहीतर ती म्हातारी... कैदाशीण नुसती!”

सून उत्तर द्यायला ताडकन उठू लागली. सासूने तिचं कपाळ हलकेच खाली दाबलं.

“म्हणू दे गं. तू झोप.”