बाबा बाहेर बसलेत

पहिल्यांदा तो दुकानात आला तो बॅग छातीशी धरून, ताप आलेलं लेकरू दवाखान्यात आणावं तसा.

"च… चेन," एवढंच म्हणाला. पुढचा शब्द काही केल्या बाहेर येईना.

"अडकलीये. दिसतंय," ती म्हणाली. "आत काय, सोनं आहे?"

"अ… अर्ज. बारा जणांचे. पाचच्या आत द्यायचे."

ओढून ओढून त्यानं चेनचा जीव काढला होता. तिनं बॅग मांडीवर घेतली, चेनच्या दात्यांवर मेणबत्तीचा तुकडा घासला, रनर पक्कडीनं हलकेच दाबला… आणि चेन सर्रकन उघडली. तो मात्र तिच्या बोटांकडेच बघत राहिला.

"बॅग इकडे आहे," ती म्हणाली.

त्याचे कान लाल झाले.

समोरच्या बोळात त्याचं टायपिंगचं दुकान. गल्ली त्याला टायपिस्ट म्हणायची, आणि हिला चेनवाली. बॅगदुरुस्तीचं दुकान बाबांचं. तीन वर्षांपूर्वी झटका येऊन बाबांचा उजवा हात लुळा पडला, तेव्हा ही सतराची. गल्लीनं महिनाभर हळहळ केली. हळहळीनं बॅगा शिवून होत नाहीत. ही मशीनवर बसली. बाबा कोपऱ्यात बसून कुढायला लागले, तेव्हा हिनं सायकलच्या ब्रेकची तार, दोन फळ्या आणि पायानं दाबायची पट्टी जोडून एक शिकंजा केला. पाय दाबला की चामडं घट्ट धरलं जायचं, आणि बाबा डाव्या हातानं टाके घालायचे. आधी वाकडे. मग सरळ.

त्या दिवसापासून टायपिस्टची बॅग दर आठवड्याला बिघडू लागली. कधी बंद तुटला, कधी बक्कल.

"पोरी," बाबा एकदा त्याच्यासमोरच म्हणाले, "ह्या बॅगेला काहीतरी रोग आहे. का बॅगवाल्यालाच आहे, ते बघ जरा."

मग हिनंच अर्ज भरायचं ठरवलं. वस्तू घडवायला शिकवणारं कॉलेज. तीस जागा, चार हजार अर्ज. अर्जात एक अख्खं पान कोरं – 'तुम्ही कोणत्या अडचणीवर मात केलीत?'

"मात कुठं केली?" ती त्याच्या दुकानातल्या स्टुलावर बसून म्हणाली. "बाबांचा हात तसाच आहे. सकाळी सदऱ्याची बटणं मीच लावते."

"त… तसं नाही चालत. त्यांना अडचण हवी, पण… सं… संपलेली."

खरंच होतं ते. दुःख हवं, पण धुतलेलं, इस्त्री केलेलं. ज्याचं अजून ओलं आहे त्यानं दाराबाहेर उभं राहावं. आणि ज्यांच्या पोटातलं पाणी कधी हललं नाही, तेच दुसऱ्याच्या दुःखाला मार्क देणार.

तिनं शिकंज्याबद्दल मोजून ऐंशी शब्द सांगितले. त्यानं टाइप केले. तोंडात अडकणारा माणूस, पण त्याची बोटं कुठेच अडकत नव्हती. ती बघत राहिली. मग आपण बघतोय हे कळून उठली.

"फार को… कोरडं आहे," तो म्हणाला.

"खरं आहे तेवढंच आहे." तिनं शेवटच्या पानावर सही केली आणि दुकान उघडायला गेली.

आणि इथं त्या शहाण्यानं माती खाल्ली. एवढ्यावर हिला कोण घेणार, ह्या भीतीनं त्यानं गेल्या वर्षी निवड झालेल्या एका मुलाच्या अर्जातला परिच्छेद उचलला आणि हिच्या ऐंशी शब्दांच्या जागी डकवला. घाईत. न वाचता.

मुलाखतीला टेबलामागे तिघं. मधल्या मॅडमचा आवाज मऊ झाला. "वडिलांच्या निधनानंतर तू ज्या धीरानं…"

"कुणाच्या?"

"तुझ्या वडिलांच्या."

तिनं दाराकडे पाहिलं. "बाबा बाहेर बसलेत. माझी पाण्याची बाटली सांभाळत."

तिघांनी एकदम कागद उलटले. "मग हे कुणी लिहिलं?"

टायपिस्टचं नाव ओठांवर आलं होतं. "सही माझी आहे," ती म्हणाली. "वाचलं नाही, ही चूक माझी."

"खोट्या माहितीवर अर्ज बाद होतो. उद्या अकराच्या आत खुलासा द्या."

तिथून ती थेट बोळात. "माझ्या बापाला मारलंत तुम्ही. दीड ओळीत."

मागून बाबा आले, धापा टाकत. "कशानं गेलो रे मी? आजार तरी बरा निवडलास ना?"

टायपिस्टचा चेहरा पांढराफटक. "मी… मी खु… खुलासा लिहून…"

"तुम्ही आता एक अक्षर लिहायचं नाही," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते त्याला दाखवायचं नव्हतं. पाठ फिरवून चालू लागली.

दुसऱ्या दिवशी बाबा आणि शिकंजा, दोघांना घेऊन ती कॉलेजात पोचली, तर खोलीचं दार अर्धवट उघडं. आतून आवाज येत होता. तुटक, ओळखीचा.

"ति… तिनं नाही. मी. ती जि… जिंकावी म्हणून… तिचे खरे शब्द हे… हे आहेत."

दुकानात चार शब्दांना घाबरणारा माणूस तिथं उभा होता, घामानं निथळत, तिघांसमोर. एकेका शब्दासाठी भिंतीला धडका देत. ती दाराशी थांबली. आत गेली असती तर तो थांबला असता… आणि त्याला थांबवायचं नव्हतं.

मॅडमनी ऐंशी शब्द वाचले. तिला आत बोलावलं. "मग ही अडचण संपली का?"

"नाही. रोज असते." तिनं शिकंजा जमिनीवर ठेवला. "मार्क द्यायचे तर ह्याला द्या. बाबांच्या हाताला नकोत."

बाबांनी पाय दाबला आणि मॅडमच्याच पर्सचा उसवलेला पट्टा डाव्या हातानं शिवून दिला. मॅडमनी पट्टा ओढून पाहिला. पुन्हा ओढून पाहिला.

त्याच दुपारी यादी लागली. तिचं नाव सव्विसावं.

संध्याकाळी ती बोळात गेली. तो उठला, तशी ती त्याच्याच खुर्चीत बसली.

"शंभर लोकांचे अर्ज भरलेस. स्वतःचा?"

"मु… मुलाखत असते ना."

"ती तर सकाळी देऊन झाली." तिनं कीबोर्ड पुढे ओढला, एक बोट वर धरलं. "चल, सांग. मी टाइप करते."

"काल… 'तुम्ही' होतो मी."

"काल तू बापाला मारलं होतंस. सांग."

तो पडद्यावर उघडझाप करणाऱ्या रेघेकडे बघत राहिला. ती थांबली. शब्द पुढे सरकवायला गेली नाही.

"सावकाश," ती म्हणाली. "चेन आहे का ती, सर्रकन उघडायला?"

"मला तू आवडतेस."

एकही अक्षर अडकलं नाही. दोघंही दचकले.

तिनं एका बोटानं ते टाइप केलं. फार वेळ लागला. मान वर न करताच विचारलं, "कुठं टाकू हे?"

"अ… अडचणीत."

"मात केलेली?"

"न… नाही," तो म्हणाला. "रोजची."