मातीच्या अंगठ्याचा करार

संयोगिताच्या पहिल्या मुलाचं बारसं झालं ते साल २०२३. दिवाळी नुकतीच सरली होती. कुपवाडला व्याह्यांच्या अंगणात मांडव पडला होता. पंगत उठल्यावर पानाला चुना लावता लावता लोणंदकडचा एक पाहुणा, कृष्णात, संयोगिताच्या वडिलांना म्हणाला, "तुमी कुस्तीचं जुनं करार गोळा करता म्हनं. आमच्या गावात मनुबाईकडं एक हाय. सहीचा न्हाई, मातीच्या अंगठ्याचा."

वीरधवल शेडग्यांच्या हातातलं पान हातातच राहिलं.

उभी हयात त्यांनी कुपवाडच्या कारखान्यात माल तपासण्यात घालवली होती. सुताएवढा फरकही त्यांच्या नजरेतून सुटत नसे, आणि जे मोजता येत नाही ते त्यांच्या लेखी नव्हतंच. वडील मात्र पैलवान. म्हणून निवृत्तीनंतर नाद लागला तो याचाच. पूर्वी इनामाची कुस्ती ठरली की ठेकेदार कागद करायचा. दोन्ही पैलवान खाली सही करायचे, अक्षरओळख नसली तर अंगठा. असे कागद फार थोडे उरलेत. माधवनगरच्या घरी बाहेरच्या खोलीत वीरधवलांनी ते काचेखाली बसवून भिंतीवर लावले होते. फेब्रुवारीअखेर सांगलीत त्यांचं प्रदर्शन ठरलं होतं. पण शाईऐवजी तालमीच्या मातीत बुडवलेला अंगठा त्यांनी फक्त ऐकला होता.

पुढच्याच आठवड्यात ते मनुबाईच्या ओसरीवर बसले होते. साठीपलीकडची, काटक बाई. तिनं ट्रंकेतून कागद काढला.

"असले कागद उरत का नाहीत हो?" वीरधवलांनी विचारलं.

"उरतील कसं? कुस्ती झाली की कागद तालमीच्या मातीत मळायचा, आशी रीत व्हती आमच्यात. ह्यो ऱ्हायला, कारन कुस्तीच ऱ्हायली. समोरचा जोड आलाच न्हाई. मामंजी दिवस मावळंपतूर फडात एकलंच हुबं."

मामंजी, म्हणजे तिचे सासरे अर्जुना, तिथंच खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले होते. नव्वदी कधीच ओलांडलेली. कैक वर्षांत तोंडातून शब्द नव्हता.

"डाक्टर म्हनतो, आजार काय न्हाई. मग जात का न्हाईत? मी म्हनते, कुस्ती ऱ्हायलीया म्हून."

"कागदापायी माणूस अडकतो होय?"

"नसंल अडकत. तुमी शिकल्यालं. न्या की मग."

कागदावर खाली डावीकडं तांबडा अंगठा होता. उजवीकडची जागा कोरी. इतक्या वर्षांची माती, तरी ओलसर दिसत होती. वीरधवलांनी हलकेच बोट टेकवलं. बोटाला कण लागले, आणि ते बोट त्यांनी कपाळाला लावलं. मुद्दाम नव्हे. तालमीत वाढलेल्या पोराच्या बोटाला माती लागली की हात आपसूकच कपाळाकडं जातो.

मागं शड्डू वाजला.

भरल्या मांडीवर पंजा बसावा तसा, खणखणीत. वीरधवल वळले. म्हातारा आता ओसरीकडं तोंड करून होता. डोळे उघडे.

"ह्ये काय केलंसा?" मनुबाईचा आवाज खाली गेला. "आवं, माती कपाळाला लावली म्हंजी कुस्ती धरली की तुमी."

वीरधवल हसले. कागद घेऊन घरी आले.

संक्रांतीच्या सुमाराला मान अवघडली. शेक देताना विजयमालाबाईंचा हात थांबला. नवऱ्याच्या मानेवर पाच बोटं उठली होती.

"आजोबा झालात की आता. कुणाशी झोंबी घेऊन आलात?"

वीरधवलांनी तो वळ बायकोकडून मोजून घेतला. मग आपला पंजा मोजला. वळ मोठा होता. उशी बदलून बघू, म्हणाले.

मनुबाईचा फोन आला. "मामंजी उठून बसलं. दूध मागत्यात, वर बदाम." पुढच्या फोनला तिचा आवाज कापत होता. "भिंतीला धरून बैठका माराय लागल्यात. दादा, त्यो कागद मातीत मळा. तुमच्या जिवावर बेतंल."

वीरधवलांच्या खांद्यावर तोवर नवे वळ आले होते. जिना चढताना धाप लागत होती. डॉक्टरांच्या तपासणीत काही सापडलं नाही.

"द्या तो कागद मातीला," विजयमालाबाई म्हणाल्या. "नातवाला अजून दात यायचेत. ते बघायचे आहेत का नाही?"

त्यांनी ऐकलं. कागद काढून ते तालमीत गेले. पोरं खोऱ्यानं माती उकरत होती, ताकाचा आणि तेलाचा वास येत होता. वीरधवल कडेला उभे राहिले. असा कागद दुसऱ्या कुणाकडं नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

ते तसेच माघारी आले.

"प्रदर्शन होऊ दे," एवढंच म्हणाले. कागद पुन्हा काचेखाली बसवायला घेतला.

उजवीकडची जागा आता कोरी नव्हती.

तांबडा, ताजा अंगठा. वीरधवलांनी भिंग धरलं. मधोमध आडवा कापल्याची खूण होती. कारखान्यात पत्र्यानं कापलेली, त्यांच्याच अंगठ्याची.

त्यांनी बायकोला सांगितलं नाही.

सोमवारी दुपारी जेवून ते बाहेरच्या खोलीत आडवे झाले. विजयमालाबाई ओटा पुसत होत्या. फरशीवर पाय घासल्याचा आवाज आला. मग श्वास. दोघांचे.

मग काही तरी जड आदळलं.

वीरधवल फरशीवर उताणे पडले होते. दोन्ही खांदे जमिनीला टेकलेले. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी लिहून दिलं.

शेजारी जमले तेव्हा फोन वाजत होता. मनुबाई होती.

"दादा बरं हायत न्हवं? न्हाई, मामंजी आत्ता उठून अंगनात फिरलं, कुस्ती मारल्यावर फडात फिरत्यात तसं. कुनाचा आधार न्हाई, दोनी हात वर करून. चारी अंगाला थांबून वाकत व्हतं, कुनीतरी पाठ थोपटल्यागत. अंगनात तर कुनी मानूसच न्हवतं."

वीरधवल शेडगे १२ फेब्रुवारी २०२४ रोजी दुपारी वारले. अर्जुना पैलवान त्याच दिवशी, दिवेलागणीला.