न झिजणारं इंजिन

मलकापूरच्या स्टेशनामागे इंजिनं विकणाऱ्या एका विलायती कंपनीची वखार होती. चिंतामण तिथे फिटर होता. वय चौतीस, अंगानं सडपातळ, नखांच्या कडेला कायमचं काळं तेल. मुंबईच्या तंत्रशाळेत तीन वर्षं काढून आला होता आणि इंजिनांविषयी त्याचं एकच मत होतं, ते तो कुणी विचारो न विचारो सगळ्यांना ऐकवी. इंजिन आपणहून बंद पडत नाही, ते बंद पाडलं जातं. गाळलेलं तेल, स्वच्छ हवा, थंड पाणी आणि भरीव पाया एवढं सांभाळलं, की ते माणसापेक्षा जास्त इमानानं चालतं. बाकी नशीब, पायगुण या सगळ्या गप्पा.

या मताला एकाच गावानं सुरुंग लावला होता.

सन सत्तावीस साली एकाच मालगाडीनं दोन इंजिनं आली होती. एकाच साच्यातली, पाठोपाठच्या नंबरांची. दोन्ही चिंतामणनं स्वतःच्या हातानं खोक्यांतून काढली होती. एक मोताळ्याच्या सरकी काढायच्या कारखान्यात, जिनात, बसवलं, दुसरं वर घाटावर, देऊळघाटला. मोताळ्याचा ड्रायव्हर इंजिनाला लेकरासारखा जपायचा, तरी नऊ वर्षांत तीनदा रिंगा बदलाव्या लागल्या, दोनदा डोक्यावरचा, दिव्यानं तापवायचा लोखंडी बल्ब फुटला, एकदा पिस्टनचा दांडा वाकला. देऊळघाटहून नऊ वर्षांत साध्या बोल्टाचीही मागणी आली नव्हती. कंपनीच्या विलायतेतल्या कचेरीला याचं कुतूहल वाटलं. असं काय आहे त्या इंजिनात, ते पाहून कळवा, असं पत्र आलं, आणि छत्तीस सालच्या पौषात चिंतामण हत्यारांची पेटी घेऊन मोटारीत बसला.

राजूरचा घाट चढून बुलढाणा, तिथून बैलगाडीनं देऊळघाट. सकाळचे नऊ वाजले होते. जिनाच्या आवारात कापसाचे ढीग लागले होते, हवेत रुईचे तंतू तरंगत होते आणि दूर टोकाच्या पत्र्याच्या खोलीतून इंजिनाचा आवाज येत होता. चिंतामण फाटकातच थांबला. इतका सारखा, इतका स्वच्छ ठोका त्यानं नव्या इंजिनाचाही ऐकला नव्हता.

"ऐकलं ना?" जिनाचे मालक हिंमतराव पुढे आले. पांढरं धोतर, कोट, भरघोस मिशा. "नऊ वर्सं झाली, मिस्त्रीसाहेब. सीझनात एक दिवस थांबलं नाही. तुमच्या कंपनीले सांगा, असंच दुसरं धाडा."

इंजिनाच्या खोलीत शिरल्यावर मात्र चिंतामण चक्रावला. तेलाचे कप कोरडे होते, तळाशी नुसती धूळ. हवा ओढायच्या तोंडावर रुईचा बोटभर थर. टाकीतलं पाणी हिरवं, दाट. यातली एकेक गोष्ट एक इंजिन महिन्याभरात बंद पाडायला पुरेशी होती.

"तेल कधी घातलं होतं?" त्यानं ड्रायव्हरला विचारलं.

मोतीराम ड्रायव्हर पन्नाशीचा होता. त्याचा डावा डोळा गेलेला होता आणि उजवा पाय गुडघ्यात वाकत नव्हता. "पयले घालत होतो," तो म्हणाला. "मंग पाह्यलं, नाही घातलं तरी चालते. मालक म्हनले, काऊन तेल नासवता?"

"डोळा कसा गेला?"

"घरी जेवत होतो सायेब. गेला."

चिंतामणनं दुपारच्या सुट्टीत इंजिन थांबवलं आणि उघडलं. सिलिंडरच्या आत बोट फिरवलं. नऊ वर्षं पिस्टन त्यावर घासत होता, पण लेथवर उमटलेल्या बारीक रेघा अजून जशाच्या तशा बोटाला लागत होत्या. त्यानं हात पुसला, पुन्हा फिरवला. मग दांडा रॉकेलनं धुतला, कोरडा केला आणि त्यावर खडूची भुकटी चोळली. लोखंडात चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल खडूवर रेघ उठवतं. पाच मिनिटांत मोठ्या टोकाशी केसाएवढी ओली रेघ उठली. दांड्याच्या निम्म्याहून जास्त जाडी तिनं कापली होती.

त्याला हायसंच वाटलं. शेवटी लोखंड ते लोखंड.

"हा दांडा आज तुटणार," त्यानं हिंमतरावांना सांगितलं. "चालू इंजिनात तुटला तर भिंत फोडून बाहेर येईल. मलकापूरहून नवा मागवतो. चार दिवस बंद ठेवा."

"चार दिवस?" हिंमतराव हसले. "बाहेर गाड्याईची रांग पाह्यली का? मोतीराम, लाव रे."

मोतीरामनं चिंतामणकडे एका डोळ्यानं पाहिलं. त्या नजरेत तुटणाऱ्या दांड्याची भीती नव्हती, दुसरीच कसली तरी होती. "मालक, आजचा दिवस राहू द्या. बाया बाहीर बसेल हायेत."

"लाव म्हनलं ना बे."

दिवा पेटला, बल्ब लाल झाला, मोतीरामनं चाकाला झटका दिला. चिंतामण भिंतीआड उभा राहून ऐकत होता. दोन वाजून गेले असतील. कान त्या एका ठोक्यावर लागलेले असताना त्याला सुकी फांदी मोडल्यासारखा आवाज आला. इंजिनातून नाही. अंगणातून.

तो धावत बाहेर आला. उन्हात कापूस वेचत बसलेल्या बायकांच्या घोळक्यात सोजराबाई नावाची तरणी बाई आपला हात पुढे धरून बसली होती. मनगट आणि कोपर यांच्या मध्ये तिचा हात काटकोनात मोडला होता, आणि कातडी फाडून हाडाचं टोक बाहेर आलं होतं. ती पडली नव्हती. तिला कुणी धक्का दिला नव्हता. तिच्या आजूबाजूला वीस हातांच्या अंतरात कापसाशिवाय काही नव्हतं. आधी ती नुसती पाहत राहिली, मग किंचाळली.

इंजिनाचा एकही ठोका चुकला नाही.

चिंतामणनं पुन्हा खोली गाठली, स्वतः जळणाचं तेल तोडलं आणि चाक थांबताच आत हात घातला. दांडा गरम होता. त्यावर त्यानंच चोळलेला खडू ठिकठिकाणी शिल्लक होता. पुन्हा धुतला, पुन्हा खडू लावला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास. खडू कोरडाच राहिला.

"नाही दिसाची आता," मागून मोतीराम म्हणाला. "भरून आली."

चिंतामण पुन्हा खडू चोळू लागला.

"मोताळ्याचं इंजिन मोडते सायेब. हे मोडत नाही. मोडतो आमी. बल्ब फुटाची पाळी आली, तवा माह्या डोया फुटला. पावसायात हे बंद राह्यते, तवा लोखंडाले जंग चढाले पायजे का नाही? याले चढत नाही. आमच्या वस्तीत माणसाईच्या कातडीले चढते. आषाढात येऊन पाहा."

"मग इथे राहता कशाला?"

"दोघं गेले होते गाव सोडून. एक खामगावात मेला, एक पार भुसावळले. ज्यानं या आवारात एक सीझन काढला, तो याचाच."

दाराशी सुभद्राबाई येऊन उभी होती. बायकांची मुकादम, साठीला टेकलेली, कपाळावर मोठं गोंदण. तिच्या लुगड्यावर सोजराबाईचं रक्त होतं.

"तुमी शिकेल हा," ती म्हणाली. "आमी मालकाले सांगून पाह्यलं, देवाले सांगून पाह्यलं. तुमी याले बंद करा. कायमचं."

चिंतामणच्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं ते त्यानं पुढे कुणाला सांगितलं नाही. पंधरा वर्षं जपलेलं मत आतून कुरतडलं जात होतं, आणि त्याला त्याचा संताप आला होता. सोजराबाईला गाडीत घालून बुलढाण्याला रवाना केलं, तोवर साडेतीन झाले. तेवढ्यात हिंमतरावांनी दुसऱ्या माणसाकरवी इंजिन पुन्हा लावलं होतं.

चिंतामण आत गेला आणि त्यानं जळणाच्या तेलाची तोटी बंद केली.

मघाशी ते थांबलं होतं. आता ठोका तसाच.

टाकीपासूनची नळीच त्यानं पान्यानं सोडवली. तेल जमिनीवर सांडलं, नळी कोरडी झाली. इंजिन चालत राहिलं. त्यानं घड्याळ काढून पाहिलं. चार मिनिटं. सहा मिनिटं. जळायला काही नव्हतं, तरी धूर निघत होता.

कोपऱ्यात पाचर ठोकायचा घण पडला होता. चिंतामणनं तो उचलला. इंजिनाचं अंग बिडाचं, आणि ओतीव बीड घणाच्या एका घावात काचेसारखं तडकतं, हे त्याला ठाऊक होतं. सिलिंडरचं बाहेरचं कवच फुटलं की संपलं.

त्यानं घण डोक्यावर नेला आणि सगळ्या ताकदीनं हाणला.

ठण्ण असा आवाज यायला हवा होता. आला तो भिजलेल्या पोत्यावर लाठी बसावी तसा. बीड तडकलं नाही. अंगणात कापसाचा बोजा नेणारा एक हमाल तोंडावर आपटला. लोक ओरडले. चिंतामणला वाटलं, पाय घसरला असेल.

दुसरा घाव.

शेजारी उभा असलेला मोतीराम हवेत उचलल्यासारखा झाला आणि भिंतीवर जाऊन आदळला. त्याचा खांदा छातीत घुसला होता. तोंडातून रक्ताचा फेस येत होता. घण जिथे बसला, तिथे बिडावर खळगा पडला होता. चिंतामणच्या डोळ्यांदेखत तो खळगा हळूहळू वर आला आणि सपाट झाला.

त्याला कळलं.

घण त्याच्या हातात वरच होता. बाहेर हमालाच्या नावानं हंबरडे चालले होते. खाली मोतीराम तडफडत होता. आणि इंजिनाच्या अंगावर, घावाच्या जागेपासून वीतभर खाली, एक बारीक चीर दिसत होती. ती अजून भरली नव्हती.

सुभद्राबाई दारातच होती. तिलाही ती दिसली.

"मारा," ती म्हणाली.

"बाई, बाजूला व्हा."

"कुठी जाऊ बाजूले? मारा, सायेब. एक अजून."

तिसरा घाव त्यानं कळल्यावर घातला.

सुभद्राबाई ओरडली नाही. कवटी कपाळापासून उकलली आणि ती होती तिथेच बसली, उंबऱ्याला टेकून, डोळे उघडे. गोंदणाचे दोन भाग झाले होते.

चीर भरली.

इंजिनानं पाच-सहा ठोके आणखी दिले आणि ते आपणहून थांबलं, तेल संपल्यावर कोणतंही इंजिन थांबतं तसं.

हमाल तिसऱ्या दिवशी गेला. मोतीराम वाचला, पण त्याचा हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. पट्टा तुटून अपघात झाला, असं हिंमतरावांनी पंचांना सांगितलं आणि पंचांनी ते मानलं. चिंतामणकडे कुणी बोट दाखवलं नाही. तेच त्याला सोसेना.

हिंमतरावांचा आवाज मात्र त्या दिवसापासून खाली आला. "विकून टाकतो," ते म्हणाले. "मोडीत."

"मोडीत घातलं की ते फोडणार," चिंतामण म्हणाला. "फोडलं की कोण फुटणार?"

हिंमतरावांनी अंगणात बसलेल्या बायकांकडे पाहिलं.

"मला ड्रायव्हर म्हणून ठेवा."

त्यानं कंपनीची नोकरी सोडली. पत्राला उत्तर म्हणून एकच ओळ लिहिली, की इंजिनात सांगण्यासारखं काही आढळलं नाही. देऊळघाटला त्यानं एक खोली घेतली आणि मोताळ्याचा ड्रायव्हर करायचा ते सगळं तो दुपटीनं करू लागला. तेल चारपदरी मलमलीतून गाळी. हवेच्या तोंडाला ओलं फडकं बांधी, ते दर तासाला धुई. टाकीचं पाणी दिवसाआड बदली. पावसाळ्यात बंद इंजिनाच्या अंगाअंगाला चरबी चोळी, एकही जागा न सोडता. झिजूच दिलं नाही, तर याला कुणाकडून काही घ्यावं लागणार नाही, एवढाच त्याचा हिशेब होता.

तो खरा ठरला. पहिल्या आषाढात वस्तीत कुणाच्या कातडीला गंज चढला नाही. पहिला सीझन गेला, दुसरा गेला. सोजराबाई वाकडा हात घेऊन कामावर परतली आणि बायका पुन्हा कापूस वेचताना गाणी म्हणू लागल्या. मोतीराम संध्याकाळी इंजिनाच्या खोलीबाहेर येऊन बसायचा. "तुमी याले सुधारलं, मिस्त्री," तो एकदा म्हणाला. चिंतामण नुसता हसला. पण त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी तो पोटभर जेवला.

तिसऱ्या वर्षी, माघातल्या एका सकाळी, ठोक्याच्या मागे त्याला आणखी एक हलकी टकटक ऐकू आली. आधी त्याचा विश्वास बसला नाही. त्यानं लाकडाची काठी इंजिनाला टेकवून दुसरं टोक कानाला लावलं. पिस्टनच्या पिनेभोवतीचं कडं, पितळी बुश, सैल झालं होतं. वयानं, वापरानं, कुठल्याही इंजिनाचं होतं तसं.

चिंतामण अंगणात धावत गेला. सोजराबाई हसत होती. मोतीराम बरा होता. त्यानं वस्तीत घरोघर जाऊन पाहिलं. कुणाला काही झालं नव्हतं. इंजिन स्वतः झिजलं होतं. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यानं आपली झीज आपल्या अंगावर घेतली होती. चिंतामणला रडू आलं. हिंमतरावांनी गावात पेढे वाटले.

नवं बुश मलकापूरहून दोन दिवसांत आलं. दुपारी, दार उघडं ठेवून, भरपूर उजेडात चिंतामणनं पिस्टन काढला आणि जुनं बुश लाकडी ठोकळ्यानं हलकेच बाहेर ठोकलं. किती झिजलंय ते नीट पाहावं म्हणून रॉकेलच्या वाटीत बुडवून फडक्यानं पुसलं.

पितळ वरवरचंच होतं, कागदाएवढं. झिजल्या जागी ते निघून गेलं होतं आणि आतलं पांढरं दिसत होतं, बारीक बारीक छिद्रांचं. चिंतामणनं आपल्या आईच्या अस्थी स्वतः वेचल्या होत्या. ते काय आहे, हे त्याला कुणाला विचारावं लागलं नाही.

त्यानं ते उजेडाकडे धरलं. मग अंगठा ओलसर लागला म्हणून त्यानं पुन्हा पुसलं. फडक्यावर लाल डाग उठला. त्यानं आणखी एकदा पुसलं, आणि छिद्रं हळूहळू पुन्हा रक्तानं भरून आली.