गप रव गो, टेप चालू आसा

हे माझ्या सख्ख्या मावशीच्या घरी घडलंय. ऐकीव नाही. शेवटचा भाग तर माझ्यासमोर घडला, म्हणून तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, मला लिहिणं भाग आहे.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. मार्च महिन्यातली भर दुपार होती, चार वाजले होते. ठिकाण मुलुंड पूर्व, तिसरा मजला, समोर मुलांची शाळा आणि खाली रिक्षा स्टँड. म्हणजे बारा महिने कलकलाट. हे लक्षात ठेवा.

माझी अनुपमा मावशी सत्तरीची. काशीराम काका २००८ साली गेले, मुलगा बंगळुरूला. मावशी एकटी, पण रडूबाई अजिबात नाही. तिचा जीव रमला तो एका ग्रुपमध्ये. ग्रुपचं नाव ‘चारचा चहा’. ऐंशी-नव्वद माणसं, सगळी जुन्या गाण्यांची वेडी. रोज दुपारी चारला एकाने आपल्या आवडीचं जुनं गाणं टाकायचं आणि सगळ्यांनी आपापल्या घरी, चहाचा कप हातात घेऊन, एकाच वेळी ऐकायचं. अ‍ॅडमिन घाटकोपरच्या संघमित्राबाई, निवृत्त शिक्षिका. चारला पाच कमी असताना कुणी ‘गुड आफ्टरनून’चं फूल टाकलं तरी त्या झापायच्या.

मावशीची पाळी आली तेव्हा तिने कपाटातून एक कॅसेट काढली.

काकांची कॅसेट.

तेव्हा ते डिलाईल रोडच्या खोलीत राहायचे. काका गिरणीत. गाण्यांचा शौक भारी, पण रेकॉर्ड विकत घ्यायची ऐपत नव्हती. मग आपण सगळेच करायचो ते. रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवायचा, लाल बटण दाबायचं आणि एक हात वर करायचा. काकांचा हात वर गेला की खोलीत कुणी बोलायचं नाही. भांडं आपटायचं नाही. पोर रडलं तर बाहेर न्यायचं. गाणं संपून बटण ‘खट्’ करून वर येईपर्यंत सगळ्यांनी पुतळे व्हायचं.

त्या कॅसेटवर एक भावगीत होतं. कुठल्याशा बाईंनी रेडिओवर एकदाच गायलेलं, रेकॉर्ड कधी निघाली नाही. पण मावशीला ती कॅसेट गाण्यासाठी प्रिय नव्हती.

गाण्यामागे त्यांची खोली ऐकू यायची. स्टोव्हची फरफर, मावशीच्या बांगड्या. आणि अगदी शेवटी तरुण मावशी विसरून बोलून जाते, “अहो, दूध...” त्यावर काकांचा दबका, मालवणी आवाज.

“गप रव गो, टेप चालू आसा.”

मग खट्.

काकांचा आवाज जगात तेवढाच उरला होता. सहा शब्द. फोटो काढतानासुद्धा तोंड फिरवणारा माणूस, त्याचा व्हिडिओ कुठून असणार? मावशी वर्षातून एकदा, त्यांच्या तिथीला, ती कॅसेट लावायची. एरवी टेप झिजेल म्हणून हात लावायची नाही.

तिने मोबाईल टेपजवळ धरला आणि गाणं ग्रुपवर टाकलं. लोक खूश झाले. पण कुणीतरी लिहिलंच, ‘गाणं झकास, मागची खरखर फार आहे.’

ग्रुपमध्ये प्रीतम म्हणून एक जण होता. पन्नाशीचा, घाटकोपरला लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करायचा. त्याने मावशीला फोन केला.

“ताई, कॅसेट द्या ना दोन दिवस. हल्ली सॉफ्टवेअरमध्ये सगळा कचरा वेगळा काढता येतो. एकदम काचेसारखं करून देतो.”

“खरखर तेवढीच काढा हं,” मावशी म्हणाली.

इथे ती चुकली. ‘शेवटी माझा नवरा बोलतो, तो राहू द्या’ एवढंच म्हणायचं होतं. पण परक्या माणसासमोर ते बोलायची तिला लाज वाटली. सत्तरीच्या बाईला काय हौस, असं त्याला वाटेल म्हणून ती गप्प बसली.

मंगळवारी चारला प्रीतमने साफ केलेलं गाणं टाकलं. खरंच काचेसारखं. बाई जणू शेजारी बसून गात होत्या. मावशी शेवटाची वाट बघत राहिली...

काका बोललेच नाहीत.

तिने रात्री फोन लावला. “प्रीतम, शेवटी एक बोलणं होतं.”

“हां, ते कुणीतरी गावाकडचं बोलत होतं ना? काढलं ताई. स्टोव्ह, बांगड्या, ते बटणाचं खट् पण काढलं. त्या कचऱ्याची वेगळी फाईल झाली होती, ती डिलीट मारली.”

“परत नाही आणता येणार?” मावशीने विचारलं. प्रीतमने समजूत काढली. “टेन्शन नका घेऊ. मूळ कॅसेट आहे ना, तिला मी हातसुद्धा लावला नाही.”

बुधवारी तो स्वतः येऊन कॅसेट देऊन गेला. तीच कॅसेट, लेबलावर काकांचं हिरव्या शाईतलं वळणदार अक्षर. मावशीने ती टेपमध्ये घातली.

स्टोव्ह नव्हता.

बांगड्या नव्हत्या.

गाणं संपलं, आणि जिथे काका बोलायचे तिथे नुसती शांतता होती.

मग खट्.

ती त्या दिवशी जेवली नाही. मला फोन करून म्हणाली, “तुझे काका दुसऱ्यांदा गेले रे.” मी म्हटलं, मशीनचं काहीतरी झालं असेल, शनिवारी येतो. मला तेव्हा एवढंच सुचलं.

त्याच संध्याकाळी ग्रुपवर बोरिवलीच्या रश्मीताईंचा मेसेज आला.

‘काल गाणं लावलं तेव्हा नातू रडत होता. तोंड उघडं, गालावर पाणी... पण आवाज नाही. मला वाटलं, कान गेले माझे. गाणं संपलं, खट् झालं, आणि एकदम रडणं ऐकू आलं. अजून कुणाला असं झालं का?’

दोघा-तिघांनी हसण्याचे इमोजी टाकले. एकाने कानाच्या डॉक्टरांचा नंबर दिला.

पण संघमित्राबाई हसल्या नाहीत. त्यांनी लिहिलं, ‘माझ्या कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या होत्या. एकही ऐकू आली नाही. गाणं संपल्यावर आत गेले तर डाळीचा कोळसा झाला होता.’

मावशी ते वाचत बसली. खट्. प्रीतमने तर ते कापलं होतं.

रात्री आठला प्रीतमचा फोन आला. मंगळवारी गाणं चालू असताना त्याची बायको न्हाणीघरात पाय घसरून पडली होती. दार उघडं होतं, मधे चार पावलांचं अंतर. ती हाका मारत होती. त्याला एकही हाक ऐकू आली नाही. खट् झालं तेव्हा कळलं. मनगट मोडलं होतं. आपलंच लक्ष नव्हतं असं समजून तो कुणाला बोलला नव्हता, पण ग्रुपवरचं वाचून चमकला.

“ताई, त्या गाण्यात काय आहे?” त्याने विचारलं.

मावशीला माहीत होतं. पण सांगणार कशी? गाणं चालू असताना घरात कुणी आवाज करायचा नाही, हा तिच्या घरचा नियम होता. तो आता नव्वद घरांत लागू झाला होता.

संघमित्राबाईंनी फर्मान काढलं. ‘गाणं ताबडतोब डिलीट करा. कुणी पुढे पाठवू नका.’ सगळ्यांनी केलं. एरवी एकमेकांशी कशावरच न पटणारी माणसं, पण या वेळी कुणी वाद घातला नाही.

मावशीने मोबाईलमधलं गाणं काढलं. कॅसेट मात्र तिच्याकडेच होती. तिच्या डोक्यात एकच विचार घुमत होता. नियम जर इथे आहे, तर नियम करणारा माणूस कुठे आहे?

गुरुवारी दुपारी शाळा सुटायच्या वेळेला तिने टेप सुरू केला.

पहिला सूर लागला आणि...

पंख्याची घरघर गेली. पंखा फिरत होता, पण आवाज नव्हता. तिने खिडकीतून पाहिलं. पोरं फाटकातून ओरडत बाहेर पडत होती, रिक्षावाले भांडत होते. सगळ्यांची तोंडं हलत होती. मावशीने टाळी वाजवली. हातांना लागलं, पण कानांना काही कळलं नाही.

भीती वाटली का, असं मी तिला नंतर विचारलं. तिने मान डोलावली. वाटली, फार वाटली. पण त्याहून जास्त आशा वाटली.

गाणं संपलं.

ती खट्ची वाट बघत राहिली. खट् झालं नाही.

चाकं फिरत राहिली. आणि मग टेपमधून हळूहळू आवाज यायला लागले...

एक लहान मूल रडत होतं.

कुकरची शिट्टी. एक. दोन. तीन.

मग एका बाईचा आवाज, कण्हत. “अहो... ऐकताय का... मी पडलेय...”

जिथे जिथे आवाज गप्प झाला होता, तिथला तिथला तो इथे येऊन बसला होता. घाबरून तिने हाक मारली, आयुष्यभर मारत आली तशी. ओठ हलले. घसा थरथरला. पण तोंडातून काही निघालं नाही.

आवाज टेपमधून आला. तिचाच, आजचा, म्हातारा आवाज.

“अहो...”

तिने कान टेपला लावला.

मग...

“गप रव गो, टेप चालू आसा.”

मावशी खाली बसली आणि ढसाढसा रडली. तेही आवाजाशिवाय. सोळा वर्षांनी त्यांनी तिच्या आजच्या हाकेला उत्तर दिलं होतं. डोळे पुसून तिने वर पाहिलं तेव्हा दिसलं, टेपचं लाल बटण दाबलेलं होतं. तिने ते दाबलं नव्हतं.

कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. पावणेसहा वाजले तरी चाकं फिरत होती.

मी शनिवारी गेलो. बेल दाबली, ती वाजली नाही. तरी दार उघडलं. मावशी ओठांवर बोट ठेवून उभी होती. चेहरा सुकलेला, पण डोळे असे की लग्नाच्या फोटोतच पाहिले असतील.

मी उंबरठा ओलांडला आणि कानात कापूस कोंबल्यासारखं झालं. माझ्या पावलांचा आवाज नाही. खालच्या रिक्षांचा नाही. टेबलावर टेप, त्याची चाकं सावकाश फिरत होती. त्याशेजारी एक वही. त्यात तिने सगळं लिहून ठेवलं होतं, मी आत्ता सांगितलं ते सगळं. मी जे विचारलं तेही वहीत लिहूनच.

शेवटचं वाक्य होतं, ‘दोन दिवसांत चारदा बोललेत. बटण बंद केलं तर ते जातील.’

मला राग आला. भीतीचा राग. मी काहीतरी ओरडलो, काय ते मलाही ऐकू आलं नाही, आणि बटणाकडे हात नेला. मावशीने माझं मनगट धरलं. लहानपणापासून या बाईने मला चापटसुद्धा मारली नव्हती. त्या दिवशी तिची नखं माझ्या हातात रुतली.

मग तिने वही ओढून लिहिलं, ‘मला इतकं चालतं. तू जा.’

मी गेलो. हे कबूल करायला लाज वाटते, पण गेलो. दुसऱ्या मजल्यावर पोहोचलो तेव्हा सगळे आवाज एकदम अंगावर आले आणि मी कठडा धरून बसलो.

त्याला आता सात महिने झाले. मावशी जिवंत आहे, ठीक आहे. रोज मेसेजला उत्तर देते. ग्रुपवर चारला बाकीच्यांच्या गाण्यांना बदाम पाठवते. शेजारच्या जान्हवीताई म्हणतात, भिंतीपलीकडून कपबशी वाजल्याचंही ऐकू येत नाही, फार शांत बाई आहेत. आता आपल्याही घरातला मिक्सर मधेच गप्प होतो, असंही त्या परवा म्हणाल्या.

मी फोन करत नव्हतो. ती बोलू शकत नाही, तर करून काय उपयोग? पण गेल्या आठवड्यात तिचा वाढदिवस होता. राहवलं नाही, लावला.

फोन उचलला गेला.

कुणी हॅलो म्हणालं नाही. टेपची हलकी खरखर येत होती... स्टोव्हची फरफर... बांगड्या.

आणि मग कुणीतरी ओरडलं. “मावशी, बंद कर ते! तुझी वाट लागेल!”

माझा आवाज होता. शनिवारी मी त्या खोलीत ओरडलो होतो आणि मला ऐकू आला नव्हता, तो.

मी फोन कानाला धरूनच बसलो. ठेवायला हवा होता.

पलीकडून एक दबका आवाज आला. शांत, जरासा वैतागलेला, घरच्या पोराला समजावावं तसा.

“गप रव रे, टेप चालू आसा.”

मी फोन ठेवला. तेव्हापासून चार वाजता घरात एकटा थांबत नाही. आणि बोलता बोलता मधेच थांबून, आपला आवाज आपल्याला ऐकू येतोय ना, ते बघायची सवय लागली आहे.